काळ्या मातीपासून रक्तापर्यंत: लोहाच्या वाटेवरचे उंबरठे

परभणीहून जिंतूरकडे निघा किंवा गंगाखेडकडे, दोन्ही हातांना काळी जमीन लागते. ही माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन तयार झाली, आणि तो बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उफाळून थिजलेला लाव्हा. त्या काळ्या पत्थरात वजनाने जवळजवळ दहावा हिस्सा लोह असतं. मातीत त्याहून कमी, तरी शंभर किलो मातीत काही किलो भरतंच. एकरभर रानाच्या वरच्या वीतभर थराचा हिशेब मांडला तर लोह टनांत मोजावं लागतं.

त्याच रानात खुरपणीला वाकलेल्या बाईचं हिमोग्लोबिन तपासलं तर ते बऱ्याचदा कमी भरतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत, पण लोहाची कमतरता त्यांतलं फार मोठं कारण. मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात लोह असतं तीन ते चार ग्रॅम. पायाखाली टनांनी पडलेलं असताना अंगात काही शे मिलिग्रॅमची चणचण भासावी, हे कोडं मला वर्षानुवर्षं अस्वस्थ करत आलं आहे. त्याचं उत्तर शोधत गेलं की आपण जाऊन पोचतो ते जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीच्या एका पदराशी. त्याला पेशीपटल म्हणतात. साध्या कागदाच्या जाडीत अशी वीस हजार पटलं एकावर एक मावतील. मातीतलं लोह रक्तात यायचं तर वाटेत हा उंबरठा पुन्हापुन्हा ओलांडावा लागतो, आणि प्रत्येक उंबरठ्यावर आत कोणाला घ्यायचं हे ठरवणारं कोणीतरी बसलेलं असतं.

पेशीला असा पदर आहे हे कळलं कसं, ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे एव्हर्ट गोर्टर हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी माणसाच्या, कुत्र्याच्या, मेंढीच्या, सशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. त्यांतला स्निग्धांश काढला आणि तो पाण्यावर पसरू दिला. आमटीवर तेलाचा तवंग पसरतो तसा तो पसरला, एका रेणूइतका पातळ होईपर्यंत. त्या तवंगाचं क्षेत्रफळ मोजलं तर ते पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. त्यांनी निष्कर्ष काढला की पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे दोन थर आहेत, पाठीला पाठ लावून उभे. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. स्निग्धांश पुरता निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभाग त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं! पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते दोन थर दाखवलेच.

या रेणूंचं डोकं पाण्याकडे ओढ घेणारं, शेपट्या पाण्याला टाळणाऱ्या. म्हणून डोकी बाहेर आणि शेपट्या आत, अशी मांडणी आपोआप होते. ती करायला कोणी लागत नाही. मधला शेपट्यांचा भाग निव्वळ तेलकट. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांना तेलाचं वावडं नाही, त्यामुळे ते कोणाला न विचारता आरपार जातात, जिथे जास्त आहेत तिथून जिथे कमी आहेत तिकडे. पाठ्यपुस्तकातलं विसरण ते हेच. पण सोडियम, पोटॅशियम, लोह हे विद्युतभार असलेले आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असतात. त्यांना ते पाणी सोडून तेलात शिरायला इतकी ऊर्जा लागते की नुसत्या पटलातून ते जवळपास जाऊच शकत नाहीत.

पाण्याचं काय? थोडं पाणी तेलकट थरातूनही झिरपतं, पण मूत्रपिंडातून किंवा मुळातून ज्या वेगाने पाणी वाहतं त्याचा हिशेब तेवढ्यावर लागत नव्हता. बाल्टिमोरला पीटर अ‍ॅग्रे तांबड्या पेशीतल्या आरएच रक्तगटाच्या प्रथिनाचा शोध घेत असताना त्यांना एक भलतंच प्रथिन सापडलं, भरपूर प्रमाणात आणि कशासाठी आहे याचा पत्ता नसलेलं. १९९२ साली त्यांच्या चमूने बेडकाच्या अंड्यांमध्ये ते प्रथिन बनवायला लावणारा संदेश टोचला आणि अंडी पाण्यात सोडली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. टोचलेली अंडी फुगत गेली आणि फुटली. ते प्रथिन म्हणजे पाण्याचं दार होतं. अशा एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू एकापाठोपाठ एक जातात, आणि तरीही पाण्याच्या साखळीवरून सहज घसरत येऊ शकणारा इवलासा प्रोटॉन मात्र अडवला जातो. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल अ‍ॅग्रे यांना मिळालं ते यासाठी. ज्वारीच्या मुळांतही याच कुळातली दारं आहेत. पाऊस सरल्यावर काळ्या रानात खोल मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते ती त्यांच्यातूनच पाणी ओढून.

१९७२ च्या फेब्रुवारीत सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी पेशीपटलाचं आज सर्वमान्य असलेलं चित्र मांडलं: तेलकट थर वाहता आहे, आणि त्यात प्रथिनं तरंगत, सरकत असतात. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आज त्या विद्यापीठाच्या ज्वारीच्या कामाकडे पाहताना मला त्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

आता पुन्हा रानात येऊ. एवढं लोह असून मुळाला ते का मिळत नाही? कारण हवेच्या संपर्कातलं लोह गंजासारख्या रूपात असतं, आणि ते पाण्यात विरघळायला तयार नसतं. जमिनीचा सामू (पीएच) एका अंकाने वाढला की विरघळणारं लोह जवळपास हजारपटीने घटतं. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू बहुतेक ठिकाणी आठाच्या आसपास. मुळाच्या भोवतालच्या पाण्यात मग लोहाचा नुसता मागमूस उरतो. सोयाबीनची कोवळी पानं अशा रानात पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी हिराकस फवारतो, म्हणजे मुळाचा उंबरठा टाळून लोह थेट पानावर नेऊन ठेवतो.

रोपं मात्र हातावर हात ठेवून बसत नाहीत. सोयाबीन, तूर, हरभरा यांची मुळं पेशीपटलातल्या पंपांनी प्रोटॉन बाहेर फेकतात आणि आपल्याभोवतीची माती केसाएवढ्या अंतरात आंबट करतात. मग पटलावरचं एक प्रथिन गंजरूप लोहाला इलेक्ट्रॉन देऊन विरघळणारं करतं, आणि दुसरं त्याला आत घेतं. आंबट रस बाहेर टाकण्याची हरभऱ्याची सवय तर आपल्या परिचयाची आहे. रात्री पिकावर धडपं अंथरून पहाटे आंब पिळून घेतात, ती आंब पानांवरच्या बारीक केसांतून पटल ओलांडून बाहेर आलेली असते.

प्रोटॉन बाहेर फेकण्याला ऊर्जा लागते, आणि तो खर्च वाया जात नाही. त्यातून पटलाच्या दोन बाजूंना विद्युतदाबाचा फरक तयार होतो, मुळाच्या पेशीत सव्वाशे-दीडशे मिलिव्होल्टचा. आकडा किरकोळ वाटतो. पण तो पाच नॅनोमीटरवर पसरलेला आहे! मीटरच्या हिशेबात ते दोन-तीन कोटी व्होल्ट होतात. हवेत याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याला ठिणगी पडते. एवढा ताण तो नाजूक तेलकट थर रात्रंदिवस सोसतो, आणि त्याच ताणाच्या जोरावर धनभारित लोह आत खेचलं जातं.

ज्वारीची तऱ्हा वेगळी. ज्वारी, गहू, बाजरी, भात ही गवताच्या कुळातली पिकं. १९७६ साली जपानमध्ये सेइइची ताकागी यांनी ओट आणि भाताची मुळं धुतलेल्या पाण्यात काही रेणू पाहिले, जे लोहाला घट्ट धरून विरघळवत होते. मूळ हे रेणू स्वतः तयार करून मातीत सोडतं. ते मातीच्या कणावरून लोहाचा अणू उचलतात, त्याला चहूबाजूंनी कवेत घेतात आणि पाण्यातून परत मुळाशी येतात. तिथे पटलावर एक प्रथिन नेमकी हीच जोडी ओळखून तिला सगळीच्या सगळी आत घेतं; मक्यातल्या या प्रथिनाचा जनुक २००१ मध्ये सापडला. बार्लीसारख्या पिकात हे रेणू दिवसभर सुटत नाहीत. सूर्य उगवल्यावर काही तासांत त्यांचा लोंढा येतो आणि मग ओसरतो. ते दिवसभर थोडे थोडे सोडले असते तर मातीतल्या जिवाणूंनी ते खाऊन टाकले असते. एकदम सोडल्यामुळे काम होऊन जातं. मातीत गाडलेल्या, डोळे नसलेल्या मुळाने सकाळ ओळखावी आणि तेव्हाच कामाला लागावं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नव्हतो. ज्वारी या बाबतीत आपल्या भाऊबंदांत जरा हात आखडता घेणारी आहे. असे रेणू ती बार्लीपेक्षा पुष्कळ कमी सोडते, म्हणून चुनखडीच्या रानात तीही पिवळी पडते.

मुळाच्या पेशींमधल्या फटींतून, पटल न ओलांडताच पाण्याबरोबर आत घुसता येईल असं कोणाला वाटेल. तीही वाट बंद आहे. मुळाच्या आतल्या एका थरात प्रत्येक पेशीभोवती पाणी न झिरपू देणारी पट्टी असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कास्पारी यांनी तिचं वर्णन १८६५ सालीच केलं होतं. त्या पट्टीमुळे पुढे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक अणूला निदान एकदा तरी पेशीच्या पटलातूनच जावं लागतं. चोरवाट कुठेही ठेवलेली नाही.

तिथून लोह पाण्याच्या नळ्यांतून वर चढतं, पानांत जातं, आणि कणीस निसवलं की दाण्याकडे वळतं. सगळ्या प्रवासातला सर्वांत हलवून टाकणारा भाग मला इथे दिसतो. झाडाच्या आतल्या बहुतेक पेशी एकमेकींशी बारीक भोकांनी जोडलेल्या असतात. माल एकीतून दुसरीत सरकवता येतो. पण झाड आणि त्याच्यावर भरणारा दाणा यांच्यामध्ये असं एकही भोक नसतं. दाण्यातला अंकुर ही पुढची पिढी, स्वतंत्र जीव. आईच्या शेवटच्या पेशीने साखर, जस्त, लोह पटलाबाहेर ठेवायचं, आणि लेकराच्या पहिल्या पेशीने ते आपल्या पटलातून उचलून घ्यायचं. हुरडा गोड लागतो तो ही देवाणघेवाण जोरात चालू असते म्हणून. साखर दाण्यात येऊन पडलेली असते आणि तिचा स्टार्च व्हायचा बाकी असतो. आगटीत भाजलेलं कणीस हातावर मळून जो हिरवट, मऊ दाणा आपण तोंडात टाकतो, त्याच्या बुडाशी काही तासांपूर्वीपर्यंत लाखो दारं उघडझाप करत होती.

या दारांवर माणसाला काही करता येतं का? परभणीने ते केलं. विद्यापीठाचं नाव २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असं झालं. २०१८ मध्ये त्याने हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेच्या साथीने ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. देशातला हा पहिला पोषणसमृद्ध ज्वारीचा वाण. नेहमीच्या ज्वारीच्या किलोभर दाण्यात लोह ३० मिलिग्रॅमच्या आसपास आणि जस्त २० च्या आसपास असतं. यात लोह ४५ आणि जस्त ३२. दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या माणसाच्या ताटात लोह नऊ मिलिग्रॅमवरून साडेतेरावर जातं. यासाठी प्रयोगशाळेत जनुक घुसवावा लागला नाही. ज्या झाडांना मातीतलं लोह उचलून दाण्यापर्यंत पोचवायचं कसब मुळात जास्त होतं, ती पिढ्यान्‌पिढ्या हेरून निवडली गेली. वाण निवडणारा कणसाकडे पाहत असतो, पण त्याची निवड जाऊन पोचते ती डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या त्या दारांपर्यंत.

दाण्यात लोह बसतं ते बहुतेक कोंड्यालगतच्या थरात आणि अंकुरात. भाकरीचं पीठ सबंध दाण्याचं असतं, त्यामुळे ते ताटात येतं. पण त्याच थरात फायटेट नावाचं द्रव्य असतं, जे लोहाला धरून ठेवतं, सोडत नाही. परभणी शक्तीची एक जमेची बाजू ही की तिच्यात फायटेटही कमी आहे.

भाकरी पोटात गेली तरी लोह अजून शरीराबाहेरच आहे, असं म्हटलं तर चमत्कारिक वाटेल, पण ते खरं आहे. आतड्याची पोकळी म्हणजे तोंडापासून गुदद्वारापर्यंत आरपार गेलेली बाहेरची जागा. शरीर सुरू होतं ते आतड्याच्या आतल्या पेशींच्या पटलापाशी. जठरातून नुकतंच बाहेर पडल्यावर, लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात लोहाचं भवितव्य ठरतं. तिथे पटलावरचं एक प्रथिन लोहाला इलेक्ट्रॉन देतं, आणि १९९७ साली ओळखलेलं दुसरं एक प्रथिन त्याला प्रोटॉनच्या सोबतीने आत घेतं. सोयाबीनच्या मुळाने जे केलं तेच! आंबटपणा, इलेक्ट्रॉन, मग दार. मूळ आणि आतडं कोट्यवधी वर्षं वेगळ्या वाटांनी गेली आणि एकाच युक्तीवर येऊन थांबली.

भाकरीवर लिंबू पिळलं, जेवणात कच्चा टोमॅटो, पेरू किंवा आवळा असला तर क जीवनसत्त्व लोहाला विरघळत्या रूपात ठेवतं आणि उंबरठा ओलांडायला मदत करतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातली द्रव्यं लोहाला धरून बसतात. मराठवाड्यात कामावरून आल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर चहा लागतोच. बायकांनी चहा सोडावा असं मी मुळीच म्हणणार नाही. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचं अंतर पडलं तरी पुष्कळ झालं.

पेशीत शिरलेलं लोह अजूनही रक्तात आलेलं नाही. पेशीला दुसरी बाजू आहे, रक्ताकडची, आणि तिथे फेरोपोर्टिन नावाचं एकुलतं एक दार आहे. लोह बाहेर सोडणारं दुसरं दार माणसाच्या पेशींना माहीत नाही. या दाराची किल्ली यकृताकडे. शरीरात लोह पुरेसं असलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं. ते फेरोपोर्टिनला चिकटतं आणि पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. आत अडकलेलं लोह तिथेच राहतं. आतड्याच्या या पेशी तीन-चार दिवस जगतात, गळून पडतात आणि आपल्याबरोबर ते लोहही घेऊन जातात.

एवढा कडक पहारा का? कारण जास्तीचं लोह काढून टाकायची सोय शरीरात नाही. सोडियम लघवीतून जातं, लोह जात नाही. मोकळं लोह पेशी जाळतं, आणि रोगजंतूंनाही ते हवंच असतं. म्हणून अंगात ताप, संसर्ग असला की हेप्सिडिन वाढतं आणि दार बंद होतं. अशा वेळी लोहाची गोळी पोटात गेली तरी तिच्यातलं लोह फारसं पुढे सरकत नाही. रक्तक्षयाचा विचार करताना जंत, वारंवारचे जुलाब, पिण्याचं पाणी यांचाही विचार का करायचा, ते इथे कळतं. गावोगाव लाल-निळ्या गोळ्या वाटल्या जातात आणि त्या हव्यातच. पण ‘गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही, बाई खातच नसेल’ असं जे सहज बोललं जातं, ते मला पटत नाही. तिने खाल्लेली असते. दार लागलेलं असतं.

आणि भाकरीने हे दार खरंच ओलांडता येतं का? महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी देऊन हे तपासलं गेलं, काहींना साध्या बाजरीची, काहींना लोह जास्त असलेल्या वाणाची. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांत शरीरातला लोहाचा साठा अधिक वाढला, आणि आधीपासून कमतरता असलेल्यांना त्यातून बाहेर पडण्याची शक्यता दीडपटीहून जास्त होती. बाजरीचं हे उत्तर पाहून ज्वारीबद्दल मला भरवसा वाटतो.

रक्तात आलेलं लोह एका वाहक प्रथिनावर बसतं, एकावर दोन अणू, आणि हाडांच्या मगजात पोचतं. तिथे दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. इथला उंबरठा ओलांडायची रीत आणखी निराळी. वाहक पटलाला टेकला की पटल त्या जागी आत खचतं, खोल होतं, तुटतं, आणि वाहकासकट एक फुगा पेशीच्या आत येतो. त्या फुग्यात प्रोटॉन सोडून तो आंबट केला जातो, लोह सुटतं, पुढे जातं, आणि रिकामा वाहक काही मिनिटांत पुन्हा पटलावर येऊन रक्तात सोडला जातो, पुढच्या खेपेला. पूर्ण तयार झालेल्या एका तांबड्या पेशीत लोहाचे अणू असतात शंभर कोटींहून जास्त.

गर्भारपणात हाच प्रवास आणखी एक उंबरठा चढतो. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही; वारेच्या पेशी मध्ये असतात, आणि लोहाला त्यांच्या एका बाजूच्या पटलातून आत आणि दुसऱ्या बाजूच्या पटलातून बाहेर यावं लागतं. ज्वारीचं झाड आणि दाणा यांच्यात होतं तसंच. गरोदरपण पुढे सरकतं तसं आईचं हेप्सिडिन खाली येतं, तिच्या आतड्यातली दारं सताड उघडतात, आणि बाळ बहुतेक सगळं लोह शेवटच्या तीन महिन्यांत घेतं, जवळपास पाव ग्रॅम. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, म्हणून पहिले सहाएक महिने त्याला याच शिदोरीवर काढायचे असतात. जन्माच्या क्षणी बाळाचं पुष्कळसं रक्त अजून वारेत असतं. नाळ लगेच न बांधता एक ते तीन मिनिटं थांबावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या वेळात ते रक्त बाळाकडे येतं, त्यातलं लोह सगळे उंबरठे आधीच ओलांडून आलेलं.